दक्षिण अमेरिकेतला कंदीलकिडा आणि शहाद्याच्या उसावरची पाकोळी

शहादा, तळोदा, चाळीसगाव भागात ज्यांचा ऊस आहे त्यांना पाकोळी सांगावी लागत नाही. भर पावसाळ्यात फडात शिरलं की वाळल्या गवताच्या रंगाचे बारके किडे पानांवरून टणाटण उडतात, अंगावर येतात, पुन्हा दुसऱ्या पानावर जाऊन बसतात. कृषी खात्याच्या पत्रकात त्याचं नाव पायरिला. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. एखादा हातात धरून नीट पाहिला तर डोकं पुढे चोचीसारखं निघालेलं दिसतं. आपण त्याच्याकडे फक्त शत्रू म्हणून पाहतो आणि फवारणीचा पंप काढतो. पण या चोचवाल्या किड्याचं घराणं फार मोठं, फार जुनं आहे. ते समजून घेतलं तर फडात काय करावं आणि काय करू नये हेही कळतं.

या घराण्यातला सगळ्यात अजब सदस्य म्हणजे कंदीलकिडा. तो राहतो मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या जंगलांत. त्याच्या वंशाचं नाव फुल्गोरा. या वंशात मोजक्याच जाती आहेत. त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध फुल्गोरा लॅटर्नेरिया. अंगाची लांबी आठ-नऊ सेंटिमीटर, पंख पसरले तर दहा ते पंधरा. आपल्या पाकोळीच्या मानाने हा राक्षसच. झाडाच्या खोडावर पंख मिटून बसला की सालीच्या रंगात मिसळून जातो. कोणी छेडलं तर पंख उघडतो, आणि मागच्या पंखांवर घुबडाच्या डोळ्यांसारखे दोन मोठे पिवळे ठिपके एकदम समोर येतात. पण लोकांच्या लक्षात राहतं ते त्याचं डोकं. भुईमुगाच्या फुगीर शेंगेएवढा एक फुगा डोक्यावरून पुढे आलेला असतो, आणि त्यावर खोटे डोळे, खोट्या दातांची रांग अशी रंगवलेली, की बाजूने पाहिल्यावर सरड्याचं किंवा छोट्या मगरीचं तोंड वाटावं. खरे डोळे असतात त्या फुग्याच्या मागे, बुडाशी. फुगा आतून जवळजवळ पोकळ असतो.

या पोकळ डोक्यानेच पुढे कितीतरी वर्षं मोठा घोळ घातला. मारिया सिबिला मेरियन ही फ्रँकफर्टमध्ये १६४७ साली जन्मलेली चित्रकार. अळीपासून पाखरू कसं होतं हे प्रत्यक्ष पाळून, पाहून रंगवणारी बाई. त्या काळात पुष्कळ लोकांची समजूत होती की किडे चिखलातून आपोआप उपजतात. ती १६९९ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सूरिनामला गेली. दोन वर्षांनी परतली आणि १७०५ मध्ये तिचं त्या देशातल्या कीटकांवरचं चित्रमय पुस्तक निघालं. त्यात तिने लिहिलं की स्थानिक लोकांनी तिला हे किडे आणून दिले, तिने ते एका पेटीत ठेवले, रात्री पेटीतून आवाज आला म्हणून उघडली तर आतून ज्वाळेसारखा उजेड बाहेर आला. आणि एका किड्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येईल.

मेरियनच्या बाकीच्या नोंदी इतक्या काटेकोर होत्या की हीसुद्धा लोकांनी मानली. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनेअसने १७५८ मध्ये या किड्याला नाव देताना कंदील हाच शब्द घेतला. चीनकडच्या त्याच्या एका भाऊबंदाला मेणबत्तीवरून नाव मिळालं. नाव एकदा छापलं गेलं की ते पुसता येत नाही. आजही इंग्रजीत या सगळ्या कुळाला कंदीलमाशा म्हणतात. पुढे कितीतरी निसर्ग अभ्यासकांनी दक्षिण अमेरिकेत जाऊन हे किडे पकडले, रात्रभर अंधारात ठेवले, कापून पाहिले. उजेड देणारा कुठलाही अवयव सापडला नाही. काजव्याच्या पोटात जी रसायनं असतात तीही नाहीत. मेरियनने त्या रात्री नक्की काय पाहिलं यावर अनेक तर्क झाले, पण किडा पेटत नाही याबद्दल आता वाद नाही. मला या गोष्टीत मेरियनचा दोष मोठा वाटत नाही. तिने जंगलात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी शेकडो गोष्टी पाहिल्या आणि एक चुकवली. ज्यांनी युरोपात घरी बसून ती एक चूक पुढे शंभर पुस्तकांत उतरवली, त्यांचा दोष मोठा.

खुद्द ब्राझीलमध्ये या बिचाऱ्यावर वेगळाच आळ आहे. तिथल्या गावांत त्याला उडता साप मानतात. तो ज्याला शिवेल ते झाड वाळतं, माणूस मरतो, असं सांगतात. वास्तविक त्याला चावायला जबडाच नाही. विषही नाही. त्याला आहे ती फक्त एक नळी. उजेडाची आणि विषाची गोष्ट सोडून या नळीकडे नीट पाहिलं, तर राक्षस फुल्गोरा आणि आपली पाकोळी एकाच ओळीत येऊन बसतात.

फुगा कितीही मोठा असला तरी खरं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असतं. तिथून एक बारीक सोंड निघते आणि ती एरवी पोटाखाली दुमडलेली असते. सोंडेच्या आत केसाहून बारीक चार सुया एकमेकींना चिकटून असतात. त्यांच्या मधल्या खोबणीतून दोन वाटा तयार होतात: एकीतून किडा लाळ आत सोडतो, दुसरीतून रस वर येतो. सुई झाडाच्या आत शिरते आणि पेशींच्या मधून वाट काढत अन्नवाहिनीपर्यंत पोहोचते.

अन्नवाहिनी म्हणजे पानात तयार झालेली साखर खाली मुळांकडे, कांड्यांकडे नेणारी वाहिनी. तिच्यातला रस दाबाखाली असतो. आपल्याकडे केळीच्या बागेत ठिबकची नळी चालू असताना कुठे बारीक भोक पडलं तर पाणी ओढावं लागत नाही, स्वतःच पिचकारीसारखं उडतं, अन्नवाहिनीतही तसंच. किड्याला शोषायचे कष्ट फार नाहीत. योग्य नळीला भोक पाडता आलं की रस आपोआप येत राहतो.

अडचण वेगळीच आहे. या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं बनवायला लागणारा नत्रयुक्त भाग अगदी थोडा. अंग वाढवायचं, अंडी घालायची तर नत्र हवा. म्हणून किड्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस प्यावा लागतो आणि उरलेलं साखरपाणी मागच्या बाजूने थेंबाथेंबाने बाहेर टाकावं लागतं. हेच ते मधासारखं चिकट द्रव्य. पाकोळी पडलेल्या उसाची पानं चिकट होतात ती यानेच. त्या साखरेवर काळी बुरशी चढते, पानं काजळी धरल्यासारखी काळी पडतात, ऊन पानात शिरत नाही, पानाचं काम मंदावतं. रस गेल्यामुळे नुकसान होतं ते आहेच, पण या काजळीमुळे आणखी होतं. साखर उतारा घसरतो, गुळाची प्रत बिघडते. रब्बीच्या दादर ज्वारीवर आणि मक्यावर पोंग्यात घोळक्याने बसणारा एक बारका तुडतुडा असतो, तोही याच घराण्यातला. त्याने टाकलेल्या चिकट थेंबांसाठी मुंग्यांच्या रांगा लागतात. मादागास्करमध्ये तर छोट्या पाली याच घराण्यातल्या किड्यांजवळ जाऊन मान हलवतात आणि किड्याने टाकलेला गोड थेंब चाटतात.

तरीही नुसत्या जास्त पिण्याने सगळं भागत नाही. काही आवश्यक अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात ते घटक, कुठल्याच प्राण्याला स्वतः तयार करता येत नाहीत आणि या रसात ती जवळजवळ नसतात. त्यासाठी या किड्यांच्या पोटात खास पेशींमध्ये जीवाणू राहतात आणि ती आम्लं बनवून देतात. त्यांतल्या एकाचं नाव सल्सिया. तुडतुडे, रातकिडीसारखे ओरडणारे सिकाडा आणि हे कंदीलकिडे यांच्या समाईक पूर्वजात तो शिरला त्याला किमान २६ कोटी वर्षं झाली, असं त्याच्या वंशावळीवरून दिसतं. आई अंड्यातूनच तो पिल्लाला देते. इतक्या काळात त्याने बाहेर स्वतंत्र जगण्यासाठी लागणारे बहुतेक सगळे जनुक गमावले. आता त्याला किड्याबाहेर जगता येत नाही आणि किड्याला त्याच्याशिवाय वाढता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या उसात बसलेल्या पाकोळीत डायनासोरच्या आधीपासूनची ही भागीदारी चालू आहे, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

चिकट साखरपाण्याचा धोका किड्याला स्वतःलाही असतो. बारीक पिल्लू स्वतःच्याच थेंबात अडकून मरू शकतं. म्हणून या घराण्यातले पुष्कळ किडे अंगातून मेण सोडतात. पाकोळीच्या पिल्लांना मागे पांढऱ्या पिसासारख्या दोन लांब शेपट्या दिसतात, त्या मेणाच्याच. मादी पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या आसपास पुंजक्याने अंडी घालते आणि वरून पांढऱ्या मेणाचा कापूस पसरते. दक्षिण भारतात झाडांच्या खोडावर याच कुळातला एक किडा मिळतो, नाकाच्या टोकावर बारीक लवचीक दांडी असलेला. त्याच्या वंशाला कर्काल्डी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने चक्क कालिदास हे नाव दिलं आहे. त्याच्याही अंगावर पांढरं मेण असतं.

आता उडीकडे येऊ. पाकोळी पकडायला हात पुढे केला की ती दिसेनाशी होते, ती चालत नाही, उडी मारते. या घराण्याच्या मागच्या पायांत उडीची ताकद आधीच ताणून साठवलेली असते आणि ती एका क्षणात सुटते. पण दोन्ही पाय अगदी एकाच वेळी सुटले नाहीत तर किडा हवेत भिंगरीसारखा गरगरेल. मेंदूकडून निघालेल्या संदेशाला तेवढी अचूकता जमत नाही, कारण नसांचा संदेश त्या मानाने फार सावकाश जातो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या बरोज आणि सटन या दोघांनी २०१३ मध्ये दाखवलं की युरोपातल्या इसस नावाच्या याच घराण्यातल्या किड्याच्या पिल्लांत मागच्या दोन्ही पायांच्या बुडाशी खरीखुरी दातेरी चाकं असतात. प्रत्येक बाजूला दहा-बारा दात, एकमेकांत अडकलेले. एक पाय हलला की दुसरा हललाच पाहिजे. दोन्ही पायांतला फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या तीनपट, म्हणजे ३० मायक्रोसेकंदांच्या आत राहतो. उडी सुटायला सगळे मिळून दोन हजारांश सेकंद लागतात. शेवटची कात टाकताना ही चाकं निघून जातात. मोठ्या किड्याचे पाय एकमेकांना घासूनच जमवून घेतात. पिल्लाला चाकाचा एखादा दात तुटला तरी पुढच्या कातीत नवा मिळतो. मोठ्याला कात टाकायचीच नसल्याने तुटलेला दात कायमचा गेला असता. म्हणून मोठेपणी चाकं नसावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि तो मला पटतो.

इथे कपाशीवाल्यांसाठी एक खुलासा हवा. कपाशीवरचा हिरवा तुडतुडा, ज्याच्यामुळे पानांच्या कडा मुडपतात आणि लालसर होतात, तो या घराण्यातला नाही. तो सिकाडाच्या बाजूचा, चुलत घराण्यातला. दोघेही रस पितात, दोघेही उड्या मारतात, आणि मराठीत दोघांनाही आपण तुडतुडाच म्हणतो, म्हणून गल्लत होते. भिंग असेल तर ओळख सोपी आहे. पाकोळीच्या घराण्यात मिशा डोळ्यांच्या खाली, गालावर असतात आणि त्यांच्या बुडाशी फुगीर गाठ असते. कपाशीच्या तुडतुड्याच्या मिशा डोळ्यांच्या मध्ये, आणि मागच्या पायांवर काट्यांच्या लांब रांगा असतात. औषध निवडताना, मित्रकिडा कोणता चालेल हे ठरवताना हा फरक महत्त्वाचा असतो.

झाडांच्या बाबतीतही एक नातं आहे आणि ते खानदेशातल्या माणसाला जवळचं वाटेल. बांधावर, रस्त्याच्या कडेला सरळसोट वाढणारा महारुख सगळ्यांनी पाहिलेला आहे. काही वर्षांपासून आपल्याकडे तेलबियांसाठी म्हणून लक्ष्मीतरूची लागवडही झाली. महारुख आणि लक्ष्मीतरू एकाच वनस्पतीकुळातले. फुल्गोरा ज्या झाडांवर बसतो त्यांत लक्ष्मीतरूचा सख्खा भाऊ असलेलं सिमारूबा अमारा हे झाड आहे. आणि चीनमधला ठिपकेवाला कंदीलकिडा, जो २०१४ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सापडला आणि तिथून राज्याराज्यांत पसरून द्राक्षबागांना त्रास देऊ लागला, त्याचं आवडतं झाड म्हणजे महारुखाचाच चिनी भाऊ. हा किडा दगड, लाकूड, गाड्या, काहीही मिळेल त्याच्यावर अंडी घालतो आणि वर चिखलासारखा थर देतो, म्हणून मालाबरोबर देशोदेशी फिरतो.

या घराण्याची आणखी एक सवय म्हणजे उजेडाकडे धाव. स्वतः उजेड देत नाहीत, पण रात्री दिवा लावला की पाकोळी आणि भातावरचे तपकिरी तुडतुडे त्याच्यावर गोळा होतात. म्हणून शेतात प्रकाश सापळा लावून त्यांची संख्या पाहता येते.

नवापूर, अक्कलकुवा बाजूला भात होतो, तिथे हा तपकिरी तुडतुडा माहीत असायलाच हवा. भाताच्या बुंध्याशी पाण्याच्या जरा वर बसून तो रस पितो. फार झाले की शेतात गोल गोल चट्टे पडून भात करपतो. या एका किड्यापायी आशियाने कीटकनाशकांबद्दलचा सगळ्यात महागडा धडा घेतला. १९७३ मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने याला दाद न देणारं आयआर २६ हे वाण दिलं. काही वर्षांतच तुडतुडा त्यावरही पोसायला शिकला. इंडोनेशियात सरकार कीटकनाशकांवर मोठी सवलत देत होतं, शेतकरी वरचेवर फवारत होते आणि तुडतुडा वाढतच होता. कारण साधं होतं. तुडतुड्याची अंडी पानाच्या बुंध्याला गुंडाळलेल्या आवरणात टोचलेली असतात, फवारा तिथे पोहोचत नाही. मरतात ते कोळी आणि तुडतुड्याची अंडी खाणारे ढेकूण. आठवड्याने अंडी फुटतात तेव्हा पिल्लांना खाणारं शेतात कोणी उरलेलं नसतं. शेवटी १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि हळूहळू सवलतही काढून घेतली. त्यानंतर भाताचं उत्पादन कोसळलं नाही.

उसातही तसंच आहे, आणि इथे मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. पाकोळीचा एक पक्का शत्रू आपल्या फडात आपोआप राहतो. एपिरिकॅनिया नावाचा काळपट बारका पतंग. पतंगाची अळी झाडपाला खाते असं आपण समजतो, पण याची अळी पाकोळीच्या पाठीवर चढते, तिथेच चिकटून राहते आणि तिचं रक्त पीत वाढते. पाठीवर पांढरा ठिपका घेऊन फिरणारी पाकोळी दिसली तर तो ठिपका म्हणजे हीच अळी. वाढ पुरी झाली की अळी पाकोळीला सोडते आणि पानावर पांढरा, लंबगोल, पानाला घट्ट चिकटलेला कोष विणते. पाकोळी तोवर अशक्त होऊन मरणाला लागलेली असते.

दमट हवेत हा पतंग झपाट्याने वाढतो आणि पुष्कळदा पाकोळी माणसाच्या मदतीवाचून आटोक्यात येते. पण फडात पांढरे कोष दिसले की लोक हबकतात. ‘भाऊ, हाई काय शे?’ असं विचारतात, कोणी सांगतं अळी पडली, आणि दुकानदार देईल ते औषध मारलं जातं. त्या एका फवारणीत पाकोळी थोडी मरते, पतंग मात्र साफ होतो, आणि पुढच्या पिढीतली पाकोळी मोकळी सुटते. म्हणून आधी पाहा. पानाच्या खालच्या बाजूला मेणाच्या सैल कापसाखाली दडलेला पुंजका असेल तर ती पाकोळीची अंडी. खालची अशी पानं तोडून फडाबाहेर नेऊन नष्ट करावीत. गुळगुळीत, घट्ट चिकटलेला कोष असेल, किंवा बऱ्याच पाकोळ्यांच्या पाठीवर पांढरी अळी असेल, तर फवारणी थांबवावी.

फडाच्या एका टोकाला पतंग भरपूर आणि दुसऱ्या टोकाला नुसती पाकोळी, असं बऱ्याचदा असतं. अशा वेळी कोष असलेले पानाचे तुकडे कापून दुसऱ्या टोकाच्या पानांच्या खालच्या बाजूला टाचणीने किंवा स्टेपलरने लावावेत. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर करावं, कोष उन्हात तापवत ठेवू नयेत, आणि लावल्यानंतर त्या भागात औषध मारू नये. शेजाऱ्याच्या फडात कोष जास्त असतील तर त्याला विचारून चार पानं आणावीत. पुढच्या हंगामात त्याला लागतील तेव्हा आपल्या फडातून द्यावीत.